वायफायची पॉवर लिमिट चुकीची दिसतेय? डेटाबेस बदलायच्या आधी हे बघा

लिनक्सवर वायफायची पॉवर कमी का दिसतेय, भारताची लिमिट डेटाबेसमध्ये चुकलीय का, हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर आता तोंडपाठ झालंय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी होस्टेल, कॉलेजच्या लॅब, दोनचार गावातल्या शाळा अशा ठिकाणी वायफाय लावत फिरतो आणि त्याच नादात वायरलेस-रेगडीबीच्या नोंदी तपासायची सवय लागली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, वायरलेस-रेगडीबी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल, प्रत्येक देशाच्या नावाखाली कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत, किती रुंद चॅनल, किती पॉवर आणि काय अटी, एवढंच. त्यातून सही केलेली बायनरी बनते आणि तुमचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ती वाचून कार्डाला सांगतो की बाबा इथपर्यंतच ओरड.

बहुतेक वेळा डेटाबेस बरोबर असतो, आकडा वाचणाऱ्याचा घोळ असतो. पण कधीकधी नोंद खरंच जुनी किंवा चुकीची निघते, आणि ते कळायला आधी बाकीचं सगळं बाजूला काढावं लागतं.

लक्षणं काय येतात बघा. देशाच्या जागी दोन शून्यं दिसतात आणि ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सुरूच होत नाही. चॅनल १०० ते १४० बंद दाखवतो. देश आयएन, म्हणजे भारत, सेट केला तरी काही हलत नाही. सकाळी आयएन होता आणि दुपारी आपोआप यूएस झाला. देशाच्या जागी ९८ नाहीतर ९९ असं काहीतरी भुताटकीसारखं येतं. लिमिट ३० डीबीएम (पॉवरचं एकक, हिशोब पुढे येतो) लिहिलीय पण कार्ड २२ वरच अडकलंय. आणि शेवटचं, सरकारी नियमात ४ वॅट लिहिलंय मग तुम्ही १ वॅट का धरलाय, हे विचारणारे तर रागावूनच येतात.

आता क्रमाने बघू, फुकटचं आधी.

सगळ्यात पहिले टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू रेग गेट' मारा. एक पैसा लागत नाही आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. वर 'ग्लोबल' असा एक भाग येतो आणि खाली प्रत्येक कार्डाचा फाय-शून्य वगैरे वेगळा भाग येऊ शकतो, लोक फक्त वरचं वाचतात आणि तिथेच फसतात. वर ०० असेल तर त्याचा अर्थ डेटाबेस चुकलाय असा नाही, कर्नलला तुम्ही कुठे आहात तेच कोणी सांगितलेलं नाही. मग तो जगात कुठेही चालेल असा सावध नियम लावतो, पॉवर २० च्या आसपास आणि ५ गिगाहर्ट्झवर 'स्वतःहून बोलू नको, आधी कोणीतरी बोलताना ऐक' अशी अट. हॉटस्पॉटला तर पहिलं बोलावंच लागतं, म्हणून तो सुरू होत नाही. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' मारून बघा, जमलं तर तेच कायमचं करा, म्हणजे होस्टएपीडीच्या (हॉटस्पॉट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाईलमध्ये कंट्री कोड, ओपनडब्ल्यूआरटीवर (राऊटरवर चालणारं लिनक्स) रेडिओच्या सेटिंगमध्ये कंट्री, रासबेरी पायवर रास्पी-कॉन्फिगमध्ये वायफायचा देश. नुसती कमांड मारून सोडलं की रीबूटनंतर परत ०० आणि परत मला फोन.

इथं एक स्पष्ट सांगतो. 'दुसऱ्या देशाचा कोड टाकला की पॉवर वाढते' असा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तुम्ही सांगलीत बसून बोलिव्हिया लावला तर कायदा बोलिव्हियाचा लागत नाही, आणि समोरचा मोबाईल काही मोठ्याने बोलायला लागत नाही, त्यामुळे राऊटरचा आवाज मोबाईलला जातो पण मोबाईलचा राऊटरला येत नाही. चार काड्या फुल आणि नेट ठप्प.

दुसरं, कनेक्ट झालेला ॲक्सेस पॉइंट काय ओरडतोय ते बघा. एका होस्टेलवरचा पोरगा मला म्हणाला, "सर माझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आलाय, तो स्वतःच देश बदलतो." घरी आयएन, होस्टेलला आला की यूएस. मी जाऊन बघितलं तर होस्टेलच्या जिन्यातला ॲक्सेस पॉइंट कोणीतरी डब्यातून काढून तसाच लावलेला, आणि तो आपल्या बीकनमधून, म्हणजे स्वतःची ओळख सांगणाऱ्या सततच्या संदेशातून, यूएस असा देश सांगत होता. लिनक्सचा कर्नल जोडलेल्या ॲक्सेस पॉइंटचं ऐकतो, हा त्याचा गुण आहे, प्रवाशाला उपयोगी पडतो. जिन्यातल्या डब्याचं सेटिंग बदललं, सगळ्या मजल्याचा व्हायरस गेला. स्कॅनच्या निकालात 'कंट्री' नावाची ओळ असते तेवढीच शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, फाईल आहे का आणि किती जुनी आहे. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, सीएफजी८०२११ (कर्नलचा वायफायचा भाग) शोधा. 'रेग्युलेटरी डॉट डीबी लोड झाली नाही, एरर मायनस २' असं असेल तर फाईलच नाहीये, पॅकेज टाका आणि 'आयडब्ल्यू रेग रीलोड' मारा. कर्नल ४.१५ पासून ही फाईल फर्मवेअरसारखी थेट कर्नलच वाचतो, त्याआधी सीआरडीए नावाचा मधला माणूस लागायचा, अजून काही जुन्या ब्लॉगवर त्याचेच उपाय सापडतात, ते सोडून द्या. 'फाईल खराब आहे किंवा सही नाही' असं आलं तर मात्र प्रकरण वेगळं. माझ्यावर ही वेळ आली ती माझ्याच करणीनं. डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोवर मी स्वतः कर्नल बिल्ड केला होता, आणि डेबियन या डेटाबेसच्या दोन प्रती देतं, एकीवर डेबियनची सही, दुसरीवर मूळ प्रकल्पाची. माझ्या कर्नलला डेबियनची चावी माहीतच नव्हती, तो मुकाट्याने ०० वर जाऊन बसला. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ने अपस्ट्रीमवाली, म्हणजे मूळ प्रकल्पाची प्रत निवडली, झालं. अर्धा रविवार गेला ते सोडा.

फाईलचं वय महत्त्वाचं का, तर आपल्याकडे नियम मोठे बदललेत. २.४ गिगाहर्ट्झ २००५ च्या जानेवारीपासून परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्झवर त्याच साली ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले पण फक्त घराच्या आत आणि २०० मिलीवॅट. मग २०१८ च्या ऑक्टोबरात सा.का.नि. १०४८ हा राजपत्रातला नियम आला आणि मधला ५४७० ते ५७२५ हा पट्टाही उघडला, सगळं मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, आणि पॉवरही वाढली. म्हणजे तुमच्या राऊटरवर चॅनल १०० ते १४० बंद असतील तर पहिला संशय हाच की आतली प्रत २०१८ च्या आधीच्या नियमांवरची आहे. डेटाबेसच्या आवृत्तीचं नावच तारीख असतं, २०२४.०१.२३ असं, त्यामुळे किती शिळी आहे ते तोंडावरच लिहिलेलं असतं.

चौथं, कार्ड कोणाचं ऐकतं. 'रेग गेट'मध्ये कार्डाच्या भागात 'सेल्फ-मॅनेज्ड' असं दिसलं, इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप कार्डांवर दिसतं, तर विषय संपला. ते कार्ड आपल्या फर्मवेअरमधले नियम वापरतं, तुम्ही सेट मारा नाहीतर आरती ओवाळा, रेगडीबीला ते विचारतच नाही. अशा कार्डाच्या आकड्यावरून डेटाबेस चुकलाय म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपल्या घड्याळात चूक काढणं. ९९ म्हणजे ड्रायव्हरने स्वतः बनवलेला नियम. ९८ म्हणजे दोन नियम समोरासमोर आले, कार्डात कारखान्यातून कोरलेला देश एक आणि तुम्ही सांगितलेला दुसरा, आणि कर्नलने दोघांतलं जे कडक तेवढंच ठेवलं. इथे डेटाबेसमध्ये काही बदलून उपयोग नाही आणि कार्डातलं कोरलेलं पुसायच्या फंदात पडू नका, त्यात कार्डाचं कॅलिब्रेशनही असतं, ते गेलं की कार्ड गेलं. दुसरं कार्ड घ्या, हे स्वस्त पडतं.

पाचवं, लिमिट आणि प्रत्यक्ष पॉवर या दोन गोष्टी आहेत हे पटवून घ्या. लिमिट ३० असली तरी कार्डाचा ॲम्प्लिफायरच २२ चा असेल तर २२ च दिसणार, रस्त्यावर ८० ची पाटी लावली म्हणून लूना ८० ने धावत नाही. शिवाय दोन अँटेनांचं कार्ड असेल तर काही ड्रायव्हर एका अँटेनाचा आकडा सांगतात, काही दोघांचा मिळून, तिथेच ३ डीबीचा फरक पडतो. काही चिपचे ड्रायव्हर तर चक्क ३ डीबीएम दाखवतात आणि सिग्नल मात्र ठणठणीत असतो, तो नुसता सांगण्यातला दोष. हा आकडा मोजलेला नसतो, सांगितलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं.

आता खरा विषय. इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरीही डेटाबेसची ओळ आणि कायदा जुळत नाहीये, तर अजून पॅच (फाईलमधल्या बदलाचा प्रस्ताव) लिहायला बसू नका, आधी कागद-पेन घ्या.

आधी एकक. फाईलमध्ये नुसता आकडा लिहिला तर तो डीबीएम, मिलीवॅट हवं असेल तर पुढे तसं लिहावं लागतं. २० म्हणजे १०० मिलीवॅट, २३ म्हणजे २००, २४ म्हणजे २५०, ३० म्हणजे १ वॅट, ३६ म्हणजे ४ वॅट. ३ वाढले की दुप्पट, १० वाढले की दहापट. कोणी नियमातले २०० मिलीवॅट वाचून नुसतं २०० लिहिलं तर ते होतात २०० डीबीएम, म्हणजे अख्ख्या पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाच्या निम्म्याहून जास्त. होस्टेलला पुरेल.

मग सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, आकडा कुठे मोजलाय. कार्डातून वायरवर निघणारी पॉवर एक, आणि अँटेनाचा जोर धरून हवेत जाणारी, जिला ईआयआरपी म्हणतात ती दुसरी. युरोपातले नियम सरळ ईआयआरपी सांगतात. अमेरिकेतले वायरवरची पॉवर सांगतात आणि वर म्हणतात की ६ डीबीआयपर्यंतची (डीबीआय म्हणजे अँटेनाच्या जोराचं माप) अँटेना चालेल. आपल्या २.४ च्या नियमात दोन्ही आकडे आहेत, ट्रान्समीटरचे १ वॅट आणि हवेतले ४ वॅट. आता डेटाबेसमध्ये जागा एकाच आकड्याला आहे.

मीही इथं तोंडावर आपटलोय. राजपत्रात ४ वॅट बघितलं, इथे तर ३० च आहे, चला देशसेवा करू म्हणून ३६ चा पॅच तयार केला. तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, हे वायरवरचं की हवेतलं, आणि कर्नलला तुझी अँटेना कोणती ते कसं कळणार? मी परत राजपत्र उघडलं. आधी हिंदी, मग इंग्रजी, आणि एकाच वाक्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी. मी दुसरा वाचून पहिला सोडला होता. कर्नलला तुमच्या गच्चीवर काडी लावलीय की थाळी हे माहीत नसतं. ३६ लिहिलं आणि एखाद्या दमदार कार्डाने ते वायरवरच काढायचं ठरवलं तर वर अँटेनाचे ६ अजून चढतात. ३० लिहिण्यात नुकसान कमी आणि कायदा पाळला जायची शक्यता जास्त. पॅच मी मागे घेतला, त्या ओळीच्या वरची टिप्पणी वाचायची सवय मात्र कायमची लागली.

टीपीसी हा तिसरा सापळा, म्हणजे गरज नसताना आपोआप पॉवर कमी करायची सोय. युरोपात ५२५० ते ५३५० मध्ये ती असेल तर २०० मिलीवॅट, नसेल तर १००. त्याच्या वरच्या ५४७० च्या पट्ट्यात १ वॅट आणि ५००. डेटाबेसमध्ये कमीवाला आकडा असतो, कारण सगळ्या कार्डांत ती सोय असेलच असं धरता येत नाही. जर्मनीला शिकायला गेलेली आपली पोरं हमखास इथेच अडकतात, नियमाचं पान दाखवतात, बघा दुप्पट लिहिलंय. लिहिलंय, पण अटीसकट लिहिलंय.

चौथं म्हणजे दर मेगाहर्ट्झची मर्यादा. आपल्या २००५ च्या नियमात २०० मिलीवॅटबरोबरच दर मेगाहर्ट्झला १० मिलीवॅट असंही होतं. २० रुंदीच्या चॅनलला हे बरोबर २०० होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण कमी रुंदीचा चॅनल घेतला की हीच मर्यादा आधी लागते. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात २५० मिलीवॅट किंवा ११ डीबीएम अधिक रुंदीच्या लॉगची दहापट, दोन्हीतलं कमी. २० ला ही दहापट १३ येते, ११ आणि १३ चोवीस, म्हणजे तेच २५० मिलीवॅट. डेटाबेसमधला २४ आकाशातून पडलेला नाही.

आणि कडा. अख्खा चॅनल पट्ट्यात मावायला लागतो, नुसता मध्यबिंदू नाही. चॅनल १६५ चा मध्य ५८२५ आहे, म्हणजे तो ५८१५ ते ५८३५ जागा खातो. कोणी पट्टा ५८२५ ला संपवला तर १६५ गायब, आणि लोक पॉवरची ओळ धुंडाळत बसतात.

एवढं सगळं करूनही फरक उरला तर नोंद खरंच चुकलीय. मग पॅच, आणि त्यासाठी मूळ सरकारी कागदच लागतो. बातमी चालत नाही, कंपनीचं माहितीपत्रक चालत नाही, दुसऱ्या राऊटरच्या मेनूचा फोटो तर अजिबात नाही. भारतासाठी राजपत्रातली अधिसूचना, तिचा क्रमांक आणि तारीख. मसुदा पण नाही. २०२५ च्या मे महिन्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा लगेच मला तीन मेसेज, आता ६ गिगाहर्ट्झ टाकून द्या ना. मसुदा म्हणजे हरकती मागवलेला कागद. त्याच्यावरून ओळ लिहायची नाही, अंतिम अधिसूचनेवरूनच. एका पॅचमध्ये एकच देश घ्या, आणि ओळीवर टिप्पणीत लिहा की आकडा वायरवरचा आहे की हवेतला, टीपीसी धरलाय की नाही, कागदाचं कितवं कलम. ही टिप्पणी नसते म्हणूनच दोन वर्षांनी कोणीतरी येऊन तोच आकडा 'दुरुस्त' करतो, मग तिसरा येऊन परत उलटा करतो. पॅच घेतला गेला तरी तो तुमच्या डिस्ट्रोच्या पॅकेजमधून यायला वेळ लागतो, राऊटरच्या फर्मवेअरमध्ये त्याहून जास्त. तोवर स्वतःची फाईल बनवून, स्वतःच्या चावीने सही करून शाळेच्या राऊटरवर चढवू नका, तुम्ही नोकरी बदलली की ती कोणालाच सांभाळता येत नाही.

आता थांबायचं कुठे ते सांगतो.

बाहेरची अँटेना आली की थांबा. एका डोंगरावरच्या शाळेत खालच्या गावातून लिंक आणायची होती, पाण्याच्या टाकीवर २४ डीबीआयची जाळीची थाळी बसवलेली, आणि ज्याने बसवली त्याने अभिमानाने सांगितलं, पॉवर फुल ३० ठेवलीय दादा. ३० आणि २४ चोपन्न. चोपन्न डीबीएम म्हणजे हवेत २५० वॅट, परवानगी ४ ची. संगणक मात्र शांतपणे 'लिमिट ३०, सध्या ३०, सगळं ठीक' असं दाखवत होता, कारण थाळी त्याला दिसतच नाही. आम्ही तिथल्या तिथे १२ वर आणली, लिंक तशीच उभी राहिली, थाळी एकमेकांकडे नीट रोखलेली असली की एवढं पुरतं. पण केबलमध्ये किती जातं, कनेक्टर किती खातो, हे अंदाजाने करायचं काम नाही. कॅलिब्रेट केलेला स्पेक्ट्रम ॲनालायझर असलेला माणूस बोलवा, टाकीवर चढायलाही त्यालाच सांगा.

राऊटर विकायचा असेल, किंवा आकडा कुठे कागदावर लिहून द्यायचा असेल, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने बघणाऱ्या शाखेची मंजुरी आणि मान्यताप्राप्त लॅब. तिथे 'रेगडीबीत असं लिहिलंय' हे उत्तर होत नाही. नियमाच्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तरी तिथेच विचारा, आपण वकील नाही.

आणि रडार. मधल्या पट्ट्यांवर डीएफएस नावाची अट असते, आधी मिनिटभर ऐकायचं, रडार असेल तर चॅनल सोडायचा. ती काढून टाकली की पटकन सुरू होतं म्हणून काही जण ओळीतून तो शब्दच उडवतात. हवामान खात्याचं मुंबईत वेरावलीला २०२२ पासून सी बँडचं रडार आहे, आणि सी बँड म्हणजे आपल्याच ५ गिगाहर्ट्झचा शेजार, जगभर सी बँडची बरीच हवामानाची रडारं ५६०० ते ५६५० मध्ये चालतात, तिथे आपले चॅनल १२०, १२४, १२८ येतात. तुमच्या गच्चीवरची लिंक त्याच्या पडद्यावर पावसासारखी रेघ काढू शकते. तो शब्द कोणी उडवलेला सापडला तर पॉवरचा हिशोब नंतर, आधी रेडिओ बंद करा, मूळ फाईल परत टाका, आणि चॅनल ३६ ते ४८ मध्ये जा, तिथे डीएफएस लागत नाही.